मांजराचे होते खेळ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी आलेली सर्वांत महागडी भेट मांजराला आली. मला नेहमीप्रमाणे दोन हातरुमाल आले, सौ.ला उटण्याची पेटी आली, आईला सुक्या मेव्याचा डबा आला (तिच्या दातांना तो चालत नाही हे ठाऊक असूनही दर वर्षी कोणीतरी तो देतेच). आणि चिंगीला, म्हणजे आमच्या मांजरीला, बंगळुरूहून माझ्या भाच्याने एक भलेमोठे खोके पाठवले. खोक्यात तीन खेळणी होती. एक आपोआप गडगडणारा चेंडू. भिंतीला आपटला की स्वतःच दिशा बदलणारा. दुसरी एक थाळी. तिच्यावर कापडी झालर, झालरीखाली गोल फिरणारी काडी, आणि काडीच्या टोकाला दोऱ्याने बांधलेले पीस. तिसरी एक डबी. ती फळीवर ठेवून कळ दाबली की जमिनीवर लाल प्रकाशाचा ठिपका नाचू लागे. सोबत चिठ्ठी होती : "मामा, तुम्ही सगळे दिवसभर बाहेर असता. चिंगी कंटाळत असेल. आता तिला तुमची गरज नाही!"

चिठ्ठी वाचून आम्ही हसलो. भाचा मोठा गुणी आहे. त्याच्या बोलण्यात टोमणा नसतो. पण त्या शेवटच्या वाक्याने पुढे वर्षभर माझा पिच्छा पुरवला.

चिंगीची ओळख करून देतो. अंगावर तीन रंग, स्वभाव एकरंगी : हट्टी. माझी मुलगी दर वर्षी गॅलरीत मातीचा किल्ला करते; चिंगी त्याच्या बालेकिल्ल्यावर चढून बसते आणि महाराजांची जागा तिने घेतल्यामुळे मावळ्यांची मोठी पंचाईत होते. आम्ही डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीला जाळी आहे, खिडक्यांना जाळी आहे. खाली रस्ता आहे आणि रस्त्यावर रिक्षा आहेत. तेव्हा चिंगीचे जग म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि जाळीतून दिसणारी कबुतरे.

पाडव्याच्या संध्याकाळी पाहुणे जमले होते. मुलीने ती लाल ठिपक्याची डबी सुरू केली. मग काय विचारता! चिंगी अंग चोरून बसली, शेपटीचे टोक थरथरू लागले, आणि तिने झेप घेतली. ठिपका निसटला. ती सोफ्यावर, तिथून टेबलावर, तिथून थेट भिंतीवर! लहान मुले टाळ्या पिटू लागली, मोठी माणसे पोट धरून हसू लागली, आणि त्यांत मीही होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई तेवढी म्हणाली, "अरे, तिच्या हाताला काहीतरी लागू द्या की एकदा!"

तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पाऊण तासाने डबी बंद केली. पाहुणे गेले. फराळाची ताटे उचलताना पाहतो तो चिंगी त्याच भिंतीसमोर बसलेली. ठिपका जिथे शेवटी दिसला होता तिथे टक लावून. मध्येच उठून भिंतीचा वास घेई, कपाटाखाली डोकावे, पुन्हा जागेवर येऊन बसे. आम्ही झोपलो तेव्हाही ती तिथेच होती.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंदे नसलेली गोष्ट असल्यासारखी भासवण्याचे. तेव्हा फसवणुकीबद्दल मी सहसा कुरकुर करीत नाही. पण त्या रात्री मला चैन पडेना. आपण एका प्राण्याला फसवले, आणि ते करमणूक म्हणून केले, असे काहीतरी मनाला टोचत होते.

लेसरचा प्रकाश माणसाने पहिल्यांदा निर्माण केला तो १९६० साली, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. पुढे त्याने धातू कापले गेले, डोळ्यांवरच्या शस्त्रक्रिया झाल्या. आणि १९९५ साली अमेरिकेतच दोघा जणांना एक पेटंट मिळाले. कशाचे, तर अशा प्रकाशाचा ठिपका नाचवून मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीचे! माणसाची बुद्धी कुठून निघते आणि कुठे येऊन पोहोचते याचे हे एक नमुनेदार उदाहरण आहे. पण यात हसण्यासारखे जितके आहे तितकेच विचार करण्यासारखेही आहे.

मांजराची शिकार ही एक ठरलेली साखळी असते. दबा धरणे, पाठलाग, झेप, पकड आणि चावा. पोट भरलेले असले तरी ही साखळी जागी होते. म्हणून दूधभात खाऊन तृप्त झालेले मांजरही झुरळामागे धावते. आता गंमत अशी की मांजराला लांबची हालचाल उत्तम कळते, पण अगदी नाकाजवळची वस्तू नीट दिसत नाही. तिथे मिशा आणि पंजे डोळ्यांचे काम करतात. शिकार सापडली, हे मांजराला स्पर्शाने कळते. आणि ठिपका तर स्पर्शाला लागतच नाही. चिंगीने त्याच्यावर पंजा टाकला की तो पंजाखाली नसतो, पंजावर असतो! बिचारी पंजा उचलून पाहते. खाली काही नाही. साखळीच्या पहिल्या तीन कड्या पुऱ्या होतात आणि शेवटच्या दोन कधीच होत नाहीत.

२०२१ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी मांजरे पाळणाऱ्या सहाशेहून अधिक लोकांना प्रश्न विचारून एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या घरांत लेसरचा खेळ वारंवार होई, तिथली मांजरे भिंतीवरच्या कवडशांमागे धावणे, सावल्यांकडे टक लावून बसणे असल्या गोष्टी अधिक करतात, असे मालकांनी सांगितले. यावरून खेळामुळेच असे होते हे सिद्ध होत नाही, हे खरे; पण भिंतीसमोर बसलेल्या चिंगीला मी पाहिले होते. मला तेवढे पुरे होते.

इथे कोणी म्हणेल, "मास्तर, खेळ म्हटला की फसवणूक आलीच! चिंध्यांचा चेंडू म्हणजे तरी कुठे उंदीर असतो?" आक्षेप रास्त आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. उत्तर मला आईच्या शिवणाच्या पेटीत सापडले. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून, वरून टाके घालून एक गोळा केला आणि चिंगीपुढे टाकला. चिंगीने त्याला पकडले, मागच्या पायांनी लाथाडले, दातांनी झिंजाडले, आणि शेवटी त्यावर डोके ठेवून झोपली. तो गोळा उंदीर नव्हता, पण तो काहीतरी होता. उंदीर म्हणून तो खोटा. वस्तू म्हणून खरा. त्याच्या बाबतीत मांजराची कल्पना चुकली असेल, पण तिचे कष्ट फुकट गेले नाहीत. ठिपका मात्र दोन्हीकडून खोटा. खेळातले खोटे आणि लबाडीतले खोटे यांत फरक असेल तर तो हाच असावा : खेळात शेवटी हाताला काहीतरी लागते.

दहावीनंतर कॉलेजाची पायरी मी चढलो नाही, तेव्हा तत्त्वज्ञान माझ्या वाट्याला आले ते वाचनालयातून, तेही तुकड्यातुकड्यांनी. देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांना एक प्रकारची यंत्रेच मानले आहे. घड्याळ जसे चाकांच्या जोरावर चालते तसा प्राणी चालतो, असे त्याचे म्हणणे. आज असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. पण चिंगीपुढे डबी ठेवून, कळ दाबून मी स्वयंपाकघरात चहा प्यायला गेलो, तेव्हा मी दुसरे काय म्हणत होतो? एका यंत्रापुढे मी दुसरे यंत्र ठेवले होते आणि दोघांची चाके एकमेकांत अडकवून निघून आलो होतो.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे म्हण आहे, "मांजराचे होते खेळ, उंदराचा जातो जीव." वाईच्या आमच्या जुन्या घरात मांजरांना खेळणी कोणी आणत नसे. धान्याची कणगी होती, माळा होता, परसू होते. आणि तिथे जो खेळ चाले त्यात रोज एक जीव जाई. अर्धमेला उंदीर सोडायचा आणि पुन्हा धरायचा, हे मी लहानपणी पाहिले आहे. ते पाहून ज्याला मांजराच्या नैसर्गिक जीवनाचे गोडवे गाता येतील त्याने खुशाल गावेत. मला जमणार नाही. कोणाचाही जीव न घेता मांजराचा खेळ होत असेल तर यंत्राला मी नावे ठेवणार नाही.

पण वाईची मांजरे आमची नव्हती. ती येत, राहत, कंटाळली की जात. माणूस आणि मांजर यांचा करार मुळातच असा सैल आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाच्या शेजारी मांजरही पुरलेले सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. माणसाने धान्य साठवले, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. कोणी कोणाला बांधून ठेवले नव्हते. चिंगीला मात्र आम्ही बांधले आहे. तिच्या जिवासाठीच, हे कबूल. चौथ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा जाळी बरी. पण जाळी लावताना आम्ही तिची कौले काढून घेतली, परसू काढून घेतले, पहाटेची आणि तिन्हीसांजेची शिकारीची वेळ काढून घेतली. तेव्हा खेळणे ही तिला दिलेली भेट नव्हे. ती परतफेड आहे. आणि परतफेड म्हटली की मग ती कशी करावी, कोणाच्या हातून करावी, हा प्रश्न येतो.

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. ते फार महागात मिळाले.

तुळशीचे लग्न झाले आणि माणसांची लग्ने सुरू झाली. नाशिकला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो. सकाळी निघून रात्री परतायचे होते. निघताना सौ. म्हणाली, "दिवसभर एकटी राहील हो ती." मी मोठ्या ऐटीत ती पिसाची थाळी जमिनीवर ठेवली आणि कळ फिरवली. दर दोन तासांनी ती आपोआप सुरू होई आणि आपोआप थांबे. माझे मन निर्धास्त झाले. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या यंत्राने त्या दिवशी चिंगीचे नव्हे, माझे काम केले : माझी रुखरुख थांबवली.

रात्री परत आलो तेव्हा थाळी चालू होती. काडी गरगर फिरत होती, पण तिच्या टोकाला काही नव्हते. पीस नाही, दोराही नाही. मी हसून म्हणालो, "जिंकली बाई अखेर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओकली. काही खाईना, पलंगाखालून बाहेर येईना. संध्याकाळी मुलीने तिला मांडीवर घेतले तर जिभेखाली दोऱ्याचा एक वेढा दिसला. ती तो ओढणार, इतक्यात आई ओरडली, "ओढू नकोस! दुसरं टोक कुठं अडकलंय ते कुणाला ठाऊक?" शिवणाऱ्या बाईचे ते ज्ञान. पुढे डॉक्टरांनी आम्हाला जे समजावून सांगितले ते हेच होते. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांचा कल घशाकडे असतो. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकले आणि दुसरे आतड्यात उतरले, की आतडे त्याला पुढे ढकलू पाहते आणि स्वतःच दोऱ्यावर गोळा होते. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंडाला चुण्या पडतात ना, अगदी तसे. त्यात कोणी बाहेरून दोरा ओढला तर तो आतड्याला करवतीसारखा कापू शकतो.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघे बसलो होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हते. पहाटे डॉक्टरांनी वाटीत ठेवलेला तो दोरा दाखवला. वीतभर. त्याच्या टोकाला पिसाची काडी होती.

चिंगी वाचली. गळ्याभोवती मोठा कागदी कर्णा लावून ती दहा दिवस घरात सगळ्यांवर रागावून फिरली. यंत्रात काही बिघाड झाला नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. घरी आल्यावर मी खोके उघडून आतला कागद वाचला. बारीक अक्षरांत लिहिले होते की खेळणे चालू असताना प्राण्याला एकटे सोडू नये. कागद पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम झाले आहेत. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्या ते उपयोगी पडतील म्हणून सांगतो. बाकीच्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल. दोरा, रिबीन, रबर किंवा पीस असलेले खेळणे फक्त माणसाच्या हातात. खेळ संपला की ते कपाटात आणि कपाटाला कडी. खेळणे मांजराच्या तोंडात मावेल इतके लहान नको. चिकटवलेले डोळे, घुंगरू असले काही आधीच उपटून टाकावे. घटासाठी जागा असेल तर तिचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे. बटणासारखा चपटा घट पोटात गेला तर अन्ननलिका थोड्या वेळात भाजून निघते, आणि हा धोका मांजराइतकाच घरातल्या लहान मुलालाही आहे. फिरणारे खेळणे विकत घेताना ते हाताने दाबून धरावे. दाबले की ते थांबले पाहिजे, आणि त्याच्या चाकात शेपटीचे केस अडकता कामा नयेत. मग ते कानाशी न्यावे; तरी लक्षात ठेवावे की आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मांजराला ६०,०००च्याही पुढचा. आपल्याला जी मोटर मुकी वाटते ती तिच्या कानात किंचाळत असेल. मांजर खेळण्यापासून लांब पळत असेल तर तिला भित्री म्हणू नये, खेळणे बंद करावे. सगळी खेळणी एकदम मांडू नयेत. इंग्लंडमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की तीच वस्तू पुन्हापुन्हा पुढे केली की मांजराचा रस ओसरतो आणि वस्तू बदलली की तो पुन्हा जागा होतो. म्हणून दोन बाहेर, बाकीची आत, आणि अधूनमधून अदलाबदल. ठिपका वापरायचाच तर तिच्या डोळ्यांत कधी जाऊ देऊ नये, उंच फळीच्या कडेकडे नेऊ नये, आणि शेवटी तो एखाद्या खऱ्या वस्तूवर आणून थांबवावा, म्हणजे झेप घेतल्यावर पंजाखाली काहीतरी सापडेल. दहापंधरा मिनिटे, तिन्हीसांजेला. मग पकड आणि मग जेवण. साखळी पुरी झाली पाहिजे.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मला एका मुलाची आठवण येते. काही वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचा होता. हात चांगला होता, पण बुजरा. रोज शाळा सुटल्यावर चित्र घेऊन येई. मी म्हणे, "छान. अजून थोडी सावली दे." तो सावली देऊन आणी. "आता रेषा थोडी सफाईने." तो रेषा सुधारून आणी. "वा! अजून थोडं." मला वाटे, मी त्याला पुढे नेतो आहे. एक दिवस तो यायचा थांबला. परीक्षेचा फॉर्मही त्याने भरला नाही. वाटेत भेटला तेव्हा मी विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सर, ते पूर्ण कधी होतं तेच कळत नव्हतं."

त्या वेळी मला त्याचे बोलणे समजले नाही. भिंतीसमोर बसलेल्या चिंगीला पाहिल्यावर समजले. त्याच्यापुढे मी एक ठिपका नाचवीत होतो. त्यात दुष्टपणा नव्हता. उलट मी त्याला उत्तेजन देतो आहे अशीच माझी समजूत होती. पण एकदाही मी त्याच्या हातावर हात ठेवून म्हटले नाही, "हे झालं. हे तुझं. खाली सही कर." पाठलाग शिकवणारे पुष्कळ भेटतात, आणि आता त्यासाठी यंत्रेही मिळतात. पाठलाग कुठे संपला हे सांगायला मात्र शेजारी कोणीतरी असावे लागते. ज्याला आपली झेप दिसली आहे असे कोणीतरी.

यंत्राविरुद्ध माझी आता तक्रार नाही. गडगडणारा चेंडू आजही आमच्याकडे आहे आणि चिंगीला तो आवडतो. मी शाळेतून येतो, चेंडू सुरू करतो आणि तिच्याजवळ जमिनीवर बसतो. गुडघे कुरकुर करतात. तिचे धावणे झाले की आईचा चिंध्यांचा गोळा तिच्याकडे टाकतो. ती त्याला पकडते आणि तोंडात धरून माझ्यासमोर आणून ठेवते. असे ती डबीसमोर कधी करीत नव्हती. मांजर असे का करते याविषयी नाना मते आहेत. माझ्यापुरते मी इतकेच मानतो की शिकार कोणालातरी दाखवावी असे तिला वाटते.

यंदाच्या दिवाळीला भाच्याचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर त्याने विचारले, "मामा, चिंगीची खेळणी चालतायत ना?"

"चालतात की," मी म्हणालो. "फक्त प्रत्येकाबरोबर एक माणूस लावावा लागतो."

तो हसला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई नवीन चिंध्या गुंडाळीत बसली होती; तीही हसली.